कंसातला माणूस

दिवाळी अंकाच्या वाचकाला ‘बोनस’ ह्या शब्दाचा अर्थ सांगत बसण्याचे कारण नाही. शब्द परका खरा. पण तो आपल्या माजघरापर्यंत केव्हाच येऊन पोहोचला आहे. मुलांचे कपडे, चकलीच्या तेलाचा डबा, गावाकडे धाडायचे पैसे, पहिल्या दिवाळसणाला येणाऱ्या जावयाचा मान, असे कितीतरी बेत ह्या एका शब्दाच्या भरवशावर ठरतात, आणि तो शब्द फसला की मोडतात. वाङ्मयविषयक लेखाचा आरंभ अशा रोकड्या शब्दाने व्हावा ह्याचे काही रसिकांना नवल वाटेल. परंतु ह्या शब्दाच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे. ती आपल्या कथाकादंबऱ्यांनी फारशी सांगितलेली नाही. आणि ती सांगायची राहून गेल्यामुळे आपल्या वाङ्मयातला कामगार कसा अर्धामुर्धा राहिला, हे मला आज सांगायचे आहे.

गोष्ट अशी. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या कापड गिरण्यांनी भरपूर नफा कमावला आणि काही वर्षे ओळीने कामगारांना बोनस वाटला. पुढे दिवस पालटले आणि १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला. १९२४ च्या आरंभी मुंबईच्या गिरण्या संपाने बंद पडल्या. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निर्णय थोडक्यात असा होता की, कायद्याने पाहा, रूढीने पाहा किंवा न्यायबुद्धीने पाहा, कामगारांचा बोनसवर हक्क पोहोचत नाही. म्हणजे आजवर मिळाले ते बक्षीस होते. देणाऱ्याची मर्जी फिरली, विषय संपला. ह्यानंतर चाळीस वर्षे लोटली. १९६५ साली बोनसचा कायदा झाला, आणि पुढे किमान ८.३३ टक्के व कमाल २० टक्के हे आकडे गिरणगावातल्या शाळकरी पोरांनाही पाढ्यांसारखे पाठ झाले. बक्षिसाचा हक्क झाला.

रुपये कदाचित तितकेच असतील. पण बक्षीस आणि हक्क ह्यांतला फरक रुपयांचा नसतोच. बक्षिसाचे पैसे देणाऱ्यासमोर मोजून घेता येत नाहीत. तो उद्धटपणा ठरतो. हक्काचे पैसे मोजून घेता येतात, आणि कमी भरले तर पुन्हा खिडकीत सरकवता येतात. घरी आल्यावर बायकोला काय सांगायचे, शेजाऱ्याशी कोणत्या आवाजात बोलायचे, मुलाला कोणत्या शाळेत घालण्याची उमेद धरायची, हे सारे ह्या फरकावर अवलंबून असते. माणसाची मान किती वाकावी हे कित्येकदा त्याचा स्वभाव ठरवीत नाही. कायद्याचे एखादे कलम ठरवते. कायदा हा केवळ कोर्टात नसतो. तो घरात येतो, जेवणाच्या ताटाशी बसतो, आणि रात्री दिवा मालवल्यावरही डोक्यात जागा राहतो.

आपल्या वाङ्मयात कामगार आला तो मूठ उगारून, नाहीतर पोट धरून. त्याचा संताप आला, त्याची भूक आली, त्याची झोपडी आणि त्याचा लाल झेंडाही आला. त्याचे मन मात्र थोडक्यांनीच पाहिले. आणि ते मन असे का झाले हे पाहताना कायदा नावाचे पात्र तर बहुतेकांच्या नजरेतूनच सुटले.

येथे एक आक्षेप येणार हे मला दिसते आहे. कोणी म्हणेल, ललितकृती म्हणजे का कामगार आयुक्तांच्या कचेरीतला अहवाल? कला कलेसाठी की जीवनासाठी ह्या वादाची राळ फडके आणि खांडेकर ह्यांच्या काळात इतकी उडाली, की तिची धूळ अजून पुरती बसलेली नाही. माझे म्हणणे त्या वादात कोणत्याच बाजूला जात नाही. कादंबरीत कलमे यावीत असे मी म्हणत नाही. पण जमीनदारी समजल्याशिवाय जुन्या रशियन कादंबऱ्यांतली माणसे जशी पुरती समजत नाहीत, किंवा वारसाहक्क आणि दत्तकविधान ह्यांची माहिती नसली तर आपल्या वाड्यांतल्या विधवांचे दुःख जसे निम्मेच कळते, तसेच येथेही आहे. ज्या लेखकाला वाड्यातली विधवा दिसली, त्याला तिच्यामागचे धर्मशास्त्र दिसलेच होते. कामगाराच्या बाबतीत आपण ही दृष्टी का आखडती घेतली?

मामा वरेरकरांना मान दिला पाहिजे. ‘धावता धोटा’ लिहून त्यांनी गिरणी कामगार हा मराठी कादंबरीचा विषय होऊ शकतो हे दाखवून दिले. पांढरपेशा प्रेमकथांच्या त्या दिवसांत हे धाडस लहान नव्हते. पण त्या काळच्या दृष्टीने प्रश्न होता मालक आणि मजूर ह्यांच्यातल्या झगड्याचा. झगडा मोठा आणि उघड असतो. त्यात माणसे दोन बाजूंना उभी राहतात आणि लेखकाला सोयीचे जाते. पण कामगाराच्या आयुष्यातले बहुतेक दिवस झगड्याचे नसतात. ते वाट पाहण्याचे असतात.

ह्या वाट पाहण्याला गिरणगावात एक नाव होते: ‘बदली’. सरकारी नोकराची बदली होते ती एका गावाहून दुसऱ्या गावी. गिरणीतली बदली वेगळी. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस तो बदलीवाला. भोंगा होण्याआधी त्याने दारावर जाऊन उभे राहायचे. आत साच्यावरचा कोणी आजारी असेल, कोणी शिमग्याला गावी गेला असेल, तर आज काम. सगळे हजर असतील तर परत घरी. म्हणजे दुसऱ्याच्या घरी कोणी आजारी पडावे अशी इच्छा ह्याने रोज सकाळी, नकळत का होईना, करायची! जॉबरची मर्जी सांभाळायची, त्याला दिवाळीला काही न्यायचे, त्याच्या पोराच्या बारशाला राबायचे. अशी वर्षानुवर्षे बदलीवर काढलेली माणसे गिरणगावात चाळीचाळीत होती. उद्या काम आहे की नाही हे ज्याला उद्याच कळणार, त्याने मुलीचे लग्न कोणत्या महिन्यात धरावे?

आता वाङ्मयाच्या अभ्यासकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. ‘बदली’ हा आपल्या तोंडचा शब्द इंग्रजीत लिहिलेल्या कायद्यात जसाच्या तसा गेला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली काही कलमे घातली गेली. त्यांतले एक असे की, मालकाने काही काळ काम बंद ठेवले तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला निम्मे वेतन भरपाई म्हणून द्यावे. चांगले कलम आहे. फक्त ‘कामगार’ ह्या शब्दापुढे एक कंस आहे, आणि त्या कंसात म्हटले आहे: बदली कामगार आणि तात्पुरता कामगार सोडून. एका कंसात केवढा समाज मावला! सलग वर्ष म्हणजे किती, तर बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस. तेव्हा दोनशे एकोणचाळीसाव्या दिवशी काम मिळते की नाही, ह्या चिंतेने ज्याची झोप उडाली त्याचे दुखणे कोणत्या डॉक्टरला सांगायचे? ती चिंता त्याच्या रक्तातून आलेली नव्हती. ती आकड्यातून आलेली होती.

१९४८ हे साल ह्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेची घटना अंमलात आली. आरोग्य म्हणजे शरीराचे, मनाचे आणि सामाजिक असे तिन्ही अंगांचे स्वास्थ्य, अशी व्याख्या तिने केली. त्याच वर्षी आपल्या देशात कारखान्यांचा मोठा कायदा झाला. धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची यादी त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दिली होती. शिशाची विषबाधा, दगडाच्या भुकटीने होणारा फुप्फुसाचा रोग. आणि आज ती यादी पाहिली तर कापसाच्या धुळीने छाती धरते तो आजार आणि यंत्रांच्या आवाजाने येणारे बहिरेपणही तीत आढळते. मनाच्या आजाराला मात्र तीत एक ओळदेखील मिळाली नाही. साचेखात्यात इतका आवाज की माणसे ओठांच्या हालचालींवरून एकमेकांचे बोलणे ओळखीत. तिथल्या कानांचा विचार झाला, हे ठीकच झाले. पण दोन कानांच्या मध्ये जे असते त्याचे काय?

आपल्या भाषेनेही ह्या बाबतीत फारशी मदत केली नाही असे वरवर वाटते. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द चाळीत कोणी उच्चारत नसे. पण चाळीला स्वतःचे शब्द होते. ‘त्याचा जीव लागत नाही,’ ‘डोक्याला घोर लागलाय,’ ‘हल्ली तो बोलत नाही’. आणि सर्वांत बोलका शब्द म्हणजे ‘घरी बसणे’. काम गेलेल्या माणसाविषयी आपण म्हणतो, तो घरी बसलाय. बसणे ही खरे म्हणजे विसाव्याची क्रिया. पण मराठीत ‘घरी बसला’ असे म्हटले की ऐकणारा आवाज खाली आणतो. शब्दकोशाला न जुमानता लोकांनी एका साध्या क्रियापदात केवढी व्यथा भरली आहे!

ही ‘बसण्याची’ व्यथा शास्त्राने कशी पाहिली हे समजण्यासाठी क्षणभर गिरणगाव सोडून व्हिएन्नाजवळच्या मारिएंटाल ह्या खेड्यात जावे लागेल. तेथेही कापडाचीच गिरणी होती आणि सारे गाव तिच्यावर जगत होते. १९२९–३० मध्ये ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल ह्या तरुण संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावाचा अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांना काय आढळले? वेळ मुबलक झाली तरी वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, उगाच थांबू लागले. बायकांना घरकाम होतेच, म्हणून त्यांची चाल झपाझप राहिली. दिवसभर काय केले असे विचारले तर पुरुषांना सांगता येईना. सर्वांना वाटत होते की बेकारी माणसाला बंडखोर करील. तिने माणसाला मंद केले.

त्याच अभ्यासातली एक नोंद मला विसरता येत नाही. बेकारांना सरकारी भत्ता मिळे, पण नियम असा की किरकोळ मिळकत झाली तरी भत्ता बंद. एका माणसाने तोंडाने वाजवायचा बाजा वाजवून चार पैसे मिळवले. त्याचा भत्ता गेला. नियम करणाऱ्याच्या मनात काही क्रौर्य नसेल. त्याने फक्त हिशेब नीट ठेवला. पण त्या दिवशी त्या गावाने काय शिकले? हातपाय हलवू नये, बाजा वाजवू नये, गप्प बसावे. धोरण माणसाच्या मनाला कसे घडवते ह्याचे ह्याहून लहान आणि ह्याहून भेदक उदाहरण मला ठाऊक नाही. एखाद्या थोर कथाकाराला सुचावी अशी ही घटना समाजशास्त्रज्ञांच्या टिपणवहीत सापडते, आणि कथाकारांच्या वहीत सापडत नाही, ही माझी खंत आहे.

आता पुन्हा परळकडे वळू. नारायण सुर्वे ह्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ साली आला आणि मराठी कवितेत कामगार प्रथमच ‘मी’ म्हणून बोलू लागला. एका गिरणी कामगार जोडप्याने रस्त्यावरून उचलून वाढवलेले हे मूल. त्याने गिरणीत काम केले, शाळेत शिपायाचे काम केले, मग शिक्षक झाले. त्यांच्या कवितेतल्या घोषणांचे पुष्कळ कौतुक झाले. मला मोलाची वाटते ती घोषणांच्या अलीकडची विवंचना: उद्याच्या भाकरीची, घरात वाट पाहणाऱ्या माणसांची, आणि हे सारे असूनही स्वतःला क्षुद्र न मानण्याची धडपड. गिरणीत जाणाऱ्या आईवरची त्यांची कविता मुलाच्या नजरेतून लिहिलेली आहे. त्यामुळे पहाटेचा भोंगा तिथे कामाची खूण न राहता ताटातुटीची खूण होतो. लहान मुलाच्या मनावर पाळीचे वेळापत्रक कसे उमटते, हे तिथे दिसते.

त्या आईविषयी एक गोष्ट कवितेच्या बाहेरून सांगितली पाहिजे. बाळंतपणाच्या काळात स्त्री कामगाराला आधार मिळावा म्हणून मुंबई प्रांताने १९२९ मध्ये कायदा केला. रात्रपाळीला बायकांना मनाई झाली. हेतू सरळ होते आणि त्यांची गरजही होती. पण रात्रपाळ्या वाढल्या, यंत्रे बदलली, बाई ठेवणे मालकाला महाग वाटू लागले, आणि गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण दशकामागून दशक घसरत गेले. गिरणीतून बाहेर पडलेल्या किंवा आतच न गेलेल्या बायकांतल्या कित्येकींनी घरात खानावळ घातली. एका खोलीत दहादहा, पंधरापंधरा माणसांच्या भाकऱ्या थापल्या, त्याही उधारीवर. प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा ह्या बायकांना बँकेचे दार प्रथम दिसले. कायद्याच्या लेखी ती कामगार नव्हतीच. बदलीवाला निदान कंसात होता. खानावळवाली कंसाच्याही बाहेर. आणि वाङ्मयातही ती बहुधा पदराला हात पुसत कोपऱ्यात उभी आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. आधीच्या दिवाळीला बोनसच्या तडजोडीवरून असंतोष भडकला होता. मागण्यांत पगारवाढ होती, बदलीवाल्यांना कायम करण्याची मागणी होती, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा हीही होती. ही शेवटची मागणी बाहेरच्या माणसाला रुक्ष वाटेल. कायदा म्हणत होता की एका शहरातल्या एका धंद्यात कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघाचा. तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगाराने दुसऱ्या कोणाला आपला पुढारी मानले तर ते त्याचे खाजगी मत. आपल्या घरात आपण बोलावे आणि पाहुण्यांनी आपल्याऐवजी भलत्याकडेच पाहून मान हलवावी, म्हणजे जसे वाटेल, तसे अडीच लाख माणसांना वाटत होते. आपला आवाज आपला म्हणून मोजला जात नाही ही भावना भुकेहून वेगळी असते. आणि भुकेने जे होत नाही ते ती करते. म्हणूनच तर लोक इतके दिवस उपाशी राहिले.

तो संप जिंकला गेला नाही. तो हरला असे म्हणावे, तर तो अधिकृतपणे मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीरही केले नाही. कोणी कामावर परतले, कोणी कोकणात, कोणी घाटावर आपल्या गावी गेले, कोणी भाजीची टोपली घेऊन बसले. एखादे माणूस बेपत्ता झाले म्हणजे घरच्यांना ना सुतक पाळता येते ना आशा सोडता येते. तसे सबंध गिरणगावाचे झाले.

ही अवस्था ज्यांनी नेमकी पकडली ते जयंत पवार. गिरणगावात वाढलेल्या ह्या लेखकाचे ‘अधांतर’ हे नाटक १९९७ मध्ये आले. चाळीतली एक खोली, धुरी कुटुंब, आई, तीन मुलगे, एक मुलगी. नाटकात गिरणी दिसत नाही. पण तिची सावली प्रत्येक बोलण्यावर आहे. मालक, पुढारी, न्यायाधीश ह्यांपैकी कोणी त्या खोलीत पाऊल टाकीत नाही, आणि तरीही खोलीतली प्रत्येक कुरबूर त्यांनी लिहून दिल्यासारखी आहे. भाऊ भावावर खेकसतो तेव्हा आपल्याला वाटते, हा ह्याचा स्वभाव. थोड्या वेळाने कळते, ज्या भांडणाला बाहेर तोंड उरले नाही ते घरात तोंड शोधते आहे. एक मुलगा गुंडांच्या टोळीत ओढला जातो. तेही लेखकाने नीतिपाठ म्हणून दाखवलेले नाही. सरळ दारे बंद झाल्यावर जे दार उघडे होते त्यातून तो गेला.

नाटकाचे नाव मला विशेष अर्थपूर्ण वाटते. अधांतर म्हणजे धड जमिनीवर नाही, धड आकाशात नाही. दारिद्र्याला अधांतर म्हणत नाहीत. दारिद्र्य चांगलेच जमिनीवर असते. दुःखाला, मरणालाही म्हणत नाहीत. अधांतर असते ते निकाल न लागलेल्या माणसाचे जिणे. गरिबीवर लिहिणारे लेखक आपल्याकडे खूप झाले. निकाल न लागण्यावर लिहिणारा हा एक. आणि आईचे पात्र त्या नाटकाचा कणा आहे, कारण मारिएंटालच्या बायकांप्रमाणे तिला बसण्याची सवड नाही. तिच्या हाताला काम आहे म्हणून तिचे मन उभे आहे. पण त्या उभे राहण्याची किंमत तिच्या बोलण्याच्या धारेतून कळते. पुढे २०१० मध्ये ह्या नाटकावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट निघाला. त्याने हा विषय दूरवर नेला हे कबूल. पण पडद्यावर पिस्तुले डोळ्यांत भरतात, आणि पिस्तूल आले की वाट पाहणे संपते. मूळ नाटकाचे सामर्थ्य नेमके त्या न संपण्यात होते.

ह्या पुढचा अंक मात्र अजून कोणी पुरता लिहिलेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या अठ्ठावन्नाव्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने एक सांगितले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. वाटणीला येणारी जमीन आटली, घरेही आटली. २०१२ पासून गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडती निघू लागल्या. अर्ज करणारे लाखाहून अधिक आणि घरे काही हजार.

सोडत! एकदा त्या माणसाकडे पाहा. विशीत तो भोंग्याआधी गिरणीच्या दारावर उभा असे: आज माझे नाव पुकारतील काय? साठी-सत्तरीत तो पुन्हा उभा आहे, हातात जुने हजेरीकार्ड किंवा भविष्यनिर्वाह निधीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून: ह्या खेपेला माझे नाव निघेल काय? मधल्या पन्नास वर्षांत त्याने कापड विणले, पोरे वाढवली, संप केला. आणि धोरणाने त्याला पुन्हा बदलीवर आणून उभे केले. तो गेला तर त्याच्या जागी त्याचा वारस वाट पाहतो. घर मिळण्यात जो आनंद आहे तो मी कमी लेखत नाही. ज्यांना मिळाले त्यांनी देवापुढे पेढे ठेवले असतील आणि ते योग्यच आहे. पण हक्काचे घर नशिबाच्या चिठ्ठीतून निघते तेव्हा १९२४ चा तो जुना निर्णय पुन्हा कानावर येतो: हे तुमचे देणे नव्हे, बक्षीस आहे. आणि बक्षीस न मिळालेला माणूस व्यवस्थेला दोष देत नाही. तो आपल्या नशिबाला देतो, म्हणजे अखेर स्वतःलाच.

नीरा आडारकर आणि मीना मेनन ह्यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांचे ग्रंथ केले, त्यामुळे पुष्कळांचे बोलणे तरी राहिले. पण मुलाखत म्हणजे कथा नव्हे. माणूस मुलाखतीत जे आठवते ते सांगतो. न बोललेले सांगण्यासाठी कथाकार लागतो.

आणि हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. २०१७ मध्ये मानसिक आरोग्यसेवेचा कायदा झाला आणि मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा माणसाचा हक्क ठरला. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु मन बरे करणारा कायदा आणि मन पोखरणारा नियम हे आपल्याकडे निरनिराळ्या कपाटांत राहतात. त्यांची गाठ पडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या चार नव्या संहिता अंमलात आल्या. त्यांतल्या एकीने मोबाईलच्या अ‍ॅपवरून काम घेणाऱ्यांचे नाव कायद्यात प्रथम नोंदवले. नाव नोंदले जाणे ही मान ताठ होण्याची पहिली पायरी असते, म्हणून तिचे स्वागत. पण दुसऱ्या संहितेत काम बंद ठेवल्याच्या भरपाईचे कलम काढून पाहा. बदली कामगार आणि तात्पुरता कामगार सोडून, हा कंस तेथे तसाच आहे. हॉटेलाच्या बाहेर दुचाकीवर बसून पाठीवरच्या चौकोनी पेटीसह वाट पाहणारा मुलगा आपण रोज पाहतो. भोंग्याऐवजी त्याचा फोन वाजतो, एवढाच फरक. जॉबरची मर्जी तो सांभाळीत नाही. गिऱ्हाइकाने दिलेले तारे सांभाळतो. जॉबर निदान समोर दिसत असे, त्याला मनातल्या मनात शिवी तरी देता येत असे.

ह्या मुलाचे मन मराठी कथेत मला हवे आहे. त्याची केवळ कीव नको. कीव फार स्वस्त असते. त्याच्या नावाने घोषणाही नको. रात्री अकराला घरी आल्यावर तो आईशी का बोलत नाही, बहिणीवर का खेकसतो, लग्नाची गोष्ट निघाली की उठून गॅलरीत का जातो, हे एखाद्या लेखकाने त्याच्या स्वभावावर न ढकलता, ज्या नियमांनी त्याचा दिवस बांधला आहे त्यांच्यापर्यंत माग काढीत लिहावे. कलम क्रमांक लिहिण्याची गरज नाही. जयंत पवारांनी कुठे लिहिला होता?

वाचकांकडेही माझे एक मागणे आहे. कुटुंबात, नात्यात, शेजारी कोणी ‘घरी बसलेला’ असेल, तर त्याच्या अबोल्याला आळस किंवा तिरसटपणा म्हणण्याआधी त्याला कोणत्या कंसात घातले आहे हे एकदा विचारावे. चांगले वाङ्मय आपल्याला हेच विचारायला शिकवते. ते अजून लिहिले जायचे आहे. पण प्रश्न विचारायला त्याची वाट पाहायचे कारण नाही.